सहल हे कारण होत नाही

साथ सुरू होऊन वर्ष उलटलं होतं, लोक साबण आणि औषधांसाठी रांगा लावत होते, आणि अशा वेळी मी तळ्याकाठची एक खोली बुक करायला घेतली. माझं वय एकोणसत्तर, ह्यांचं पंचाहत्तर. आमच्या वयाच्या माणसांनी त्या काळात काय करावं याबद्दल सरकार, डॉक्टर, टीव्ही आणि आमचा मुलगा या चौघांचं एकमत होतं. घरात बसावं. या चौघांचं दुसऱ्या कुठल्याही बाबतीत एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही.

कारण आधीच सांगते, नंतर गैरसमज नको. ह्यांना विसरायला होत होतं. चष्म्यापासून सुरुवात झाली तेव्हा मी हसले, कारण चष्मा मीही विसरते. पण एक दिवस हे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले, "अगं, आपल्याकडे पेले कुठे असतात?" एकाच फळीवरचे पेले हे कित्येक वर्षं स्वतःच्या हाताने काढत आलेत. डॉक्टर मास्कच्या आत जे काही पुटपुटले ते मी दोनदा विचारून घेतलं. त्याचा सारांश असा, की हे वाढत जाणार, सावकाश वाढणार, पण वाढणार. घरी येताना रिक्षातच मी ठरवलं, की ह्यांच्या लक्षात राहील तोवर एकदा दोघांनी कुठेतरी जाऊन यायचं. तरुण माणसांची सहल पुढे ढकलली तर पुढे जाते. आमची ढकलली तर पडते, आणि पडलेली माणसं आमच्या वयात लवकर उठत नाहीत.

तळंच का, तर ह्यांना पाण्याकडे बघत बसायला आवडतं. हे पंपांच्या कारखान्यात तपासनीस होते. उभा जन्म पाणी नळीतून एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जातंय की नाही एवढंच पाहिलं. नुसतं पडून राहिलेलं, कुठेही न जाणारं पाणी हे त्यांच्या दृष्टीने चैनीची परमावधी होती.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. हल्ली हे समजावून सांगावं लागतं. पूर्वी दोन माणसांना लांबून बोलायचं असेल तर मध्ये तिसरं माणूस लागायचं, ते मी. मोठमोठ्या लोकांना मी "थांबा" म्हणून थांबवलेलं आहे. तेव्हा तळ्याकाठच्या विश्रामगृहाच्या नंबरावर एका रेकॉर्ड केलेल्या बाईने मला प्रतीक्षा करायला सांगून बासरी ऐकवली, त्या वेळी माझ्या मनाला काय वाटलं ते आमच्या खात्यातली माणसंच जाणतील. आमच्या वेळी थांबायला सांगणाऱ्या बाईला आवाज होता, स्वभाव होता, कधी कधी सर्दी होती. मी बासरी शेवटपर्यंत ऐकली. लाइन आपणहून तोडायची नाही, हे आमचं शिक्षण.

त्या नोकरीच्या दोन सवयी अजून सुटलेल्या नाहीत. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायचं ही एक. आणि पलीकडच्याने काहीही सांगितलं की खात्रीसाठी ते परत म्हणून दाखवायचं ही दुसरी. त्यात ह्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आमचा मोबाइल कायम स्पीकरवर. त्यात घरात रेंज मिळते ती फक्त गॅलरीत. आम्ही दोघं हे सगळं मुलापासून लपवून करत होतो आणि अतिशय गुप्तपणे करतो आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

ही समजूत समोरच्या बाईने मोडली. ती विम्याची एजंट आहे, त्यामुळे कुणाचं काय होऊ शकतं याचा तिचा अभ्यास दांडगा. तिच्या दारात उभी राहून, माझ्या दारातल्या मला ती म्हणाली, "काकू, तळ्याच्या बाजूची खोली नका घेऊ. दमट हवेत छाती भरते."

"तुला कोणी सांगितलं आम्ही खोली घेतोय?"

"तुम्हीच. काल दुपारी. पलंग किती उंच आहे ते तुम्ही दोनदा म्हणालात." मग ती मुद्द्यावर आली. "तिथे तुम्हाला काही झालं तर?"

"आणि इथे झालं तर?"

"इथे आम्ही आहोत ना!"

"दार उघडशील?"

तिने खरोखर विचार केला. "दार नाही उघडणार, काकू. पण फोन करीन." खोटं बोलत नाही ही मुलगी, तेवढं मान्य केलं पाहिजे.

इमारतीच्या सेक्रेटरींनी विरोध केला नाही, सहकार्य केलं, आणि ते जास्त त्रासाचं झालं. त्यांच्या हातात जंतुनाशकाचा फवारा आल्यापासून त्यांच्या चालण्यात फरक पडला होता. कठडा, कुलूप, पार्सलं, वर्तमानपत्र, कशालाही ते सोडत नसत, आणि एकदा जिन्यात ह्यांनी "सुप्रभात" म्हटल्यावर ह्यांच्यावरही थोडा मारला होता. ते खालून ओरडून सूचना देत. "वहिनी, चादरी घरच्या न्या! उशा घरच्या न्या! बादली न्या! किटली न्या! बसायला खुर्ची न्या, तिथल्या खुर्चीवर कोण बसून गेलं काय माहीत!" एवढं सगळं नेल्यावर घरात जे उरलं असतं त्यात बसून राहणंच सोपं होतं.

पण विश्रामगृहातली मुलगी मात्र सोन्यासारखी होती. बासरी संपली की ती फोनवर यायची. साथीमुळे तिथे कोणी येत नव्हतं, सगळ्या इमारतीत ती आणि एक माळी, त्यामुळे तिलाही बोलायला माणूस हवं होतं. मी रोज दुपारी काहीतरी विचारायला फोन करायची. ती फोन हातात घेऊन खोलीत जायची आणि बघून सांगायची. खिडकी पूर्ण उघडते. गरम पाणी येतं, पण नळ थोडा वेळ वाहू द्यावा लागतो. व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या आहेत, त्यातल्या एकीचा हात हलतो. धक्क्याच्या टोकाला एक बगळा असतो, तो कोणाला घाबरत नाही. मी प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवायची. "एका खुर्चीचा हात हलतो. बरोबर." हे शेजारी डोळे मिटून ऐकत बसायचे. एकदा तिने फोन पाण्याजवळ नेऊन धरला. आम्ही दोघांनी पाणी ऐकलं. चुळुक, चुळुक, एवढंच. हे म्हणाले, "गळती नाही."

रोज सकाळी मात्र मला नव्याने सुरुवात करावी लागे. चहाचा कप हातात घेऊन हे विचारायचे, "आज काय विशेष?" मी सांगायची, "आपण तळ्यावर जाणार आहोत." आणि ह्यांचा चेहरा असा उजळायचा, की एकच आनंदाची बातमी मी कोणालाही इतक्या वेळा आणि इतक्या यशाने दिलेली नाही. "दोघंच?" "दोघंच." "मुलाला सांगितलंस?" "नाही." यावर हे खूश होऊन हसायचे. पळून जाऊन लग्न करणाऱ्या माणसासारखे. आमचं लग्न तर चारचौघांत, रीतसर, पत्रिका वाटून झालेलं.

तारीख ठरली, खोली ठरली, आणि मग कळलं की आमच्या वयाच्या लोकांना जिल्ह्याबाहेर जायला परवानगी लागते. परवानगीचा वेगळा नंबर होता. तिथे बासरी नव्हती, नुसती खरखर होती. खरखरीतून एक गृहस्थ बाहेर आले.

"प्रवासाचं कारण?"

"सहल."

"सहल हे कारण होत नाही."

"मग कारण कशाकशाचं होतं?"

"आजारपण, लग्न, मृत्यू."

"लग्न घाला."

"कोणाचं?"

"आमचंच. झालेलं आहे."

"होणारं लागतं, आजी."

"मग आजारपण घाला. ह्यांना थोडं आहे."

"आजारी माणसाला प्रवासाला परवानगी नाही."

"म्हणजे राहिला मृत्यू."

"हो," ते गृहस्थ जरा मोकळेपणाने म्हणाले. "त्याला अडचण येत नाही."

मला खोटं बोलायचं नव्हतं. ह्यांच्या आत्या तळ्याच्याच बाजूच्या गावात राहायच्या आणि त्या खरोखर वारल्या होत्या, फक्त जरा आधी. नातं विचारलं, गाव विचारलं. कधी, ते कोणी विचारलं नाही. ज्या गोष्टी खात्याला जाणून घ्यायच्या नाहीत त्या आपण होऊन सांगायच्या नाहीत, हेही सरकारी नोकरीतच शिकले. बोलणं संपवताना सवयीप्रमाणे मी सगळं परत म्हणून घेतलं. गॅलरीत उभी राहून, सुटं सुटं, एक्स्चेंजच्या आवाजात. "जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू. मृत्यू. होय. अंत्यविधीसाठी दोघं जाणार. बरोबर."

तासाभरात समोरचं दार उघडलं. "काकू, कळलं. फार वाईट झालं." पाठोपाठ सेक्रेटरी वर आले, त्यांनी आधी कठडा फवारला आणि मग मान खाली घातली. खालच्या मजल्यावरून एक डबा दोरीने वर आला. मी काही बोलायच्या आत हे दारात येऊन उभे राहिले.

"कोण गेलं?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्या आत्या ना," सेक्रेटरी म्हणाले. "ईश्वरेच्छा, साहेब."

हे तिथेच चपलांच्या स्टुलावर बसले. "आत्या गेली?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला कोणी कळवलं नाही."

मी गडबडीने सांगितलं, अहो, आत्यांना जाऊन वीसेक वर्षं झाली, तुम्हीच खांदा दिलात. पण ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. आत्यांनीच ह्यांना वाढवलं होतं. परवानगी काढताना मी सगळ्या बाजूंनी विचार केला होता, पण ह्यांना हे ऐकायला मिळालं तर काय होईल, हा केला नव्हता. सेक्रेटरी फवारा पाठीमागे लपवून उभे राहिले. संध्याकाळपर्यंत हे सगळं विसरून बातम्या बघत बसले. मला मात्र जेवण गेलं नाही.

इकडे समोरच्या बाईने माणुसकी म्हणून आमच्या मुलाला सांत्वनाचा निरोप पाठवला होता. तिला त्यात नाव लिहायचं सुचलं नाही. "तुमच्या घरच्या दुःखात सहभागी आहोत" एवढं वाचून मुलाने फोन केला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. "आई... बाबा?"

"बाबा बातम्या बघतायत."

मग मी तळं, परवानगी, आत्या असं सगळं सांगितलं, तेव्हा मात्र त्याला शब्द फुटले. चांगले फुटले. "आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? या वयात? अशा दिवसांत? खोटी परवानगी काढून? आणि इमारतीत सगळ्यांना माहीत, फक्त मला नाही?" लहानपणी मी त्याला ज्या सुरात रागवायची तोच सूर. आपण मुलांना काय काय देऊन ठेवतो ते त्यांनी आपल्यावर वापरलं की कळतं. शेवटी म्हणाला, "पुढच्या वर्षी जा ना! मी स्वतः घेऊन जाईन. तळं काय पळून चाललंय का?"

"तळं नाही," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी बाबा माझ्याबरोबर येतील रे, पण आपण कुठे आलोय हे त्यांना कळेल का? आणि ही शेजारी बसलेली बाई कोण, हे?"

मी लाइन धरून ठेवली. गॅलरीत उभी होते, समोर दार किलकिलं होतं, खालच्या मजल्यावरचं भांड्यांचं वाजणंही थांबलं होतं. इमारतीने ऐकलं. ऐकू दे.

"गाडीचं मी बघतो," मुलगा म्हणाला. "पण टेस्ट करूनच जायचं."

टेस्टला पांढऱ्या पोशाखातला एक माणूस घरी आला. ह्यांनी त्याला बसायला सांगितलं, त्याच्या हातातली काडी उजेडात धरून पाहिली आणि ती जरा वाकडी असल्याचं सांगून दुसरी मागितली. दुसरी पसंत पडली. ती नाकात जात असताना हे त्याला सूचना देत होते, "सरळ धरा. रेटू नका. जिथे अडेल तिथे थांबायचं असतं." तो बिचारा म्हणाला, "काका, तुम्ही या लायनीत होता का?" निकाल चांगला आला आणि तो सेक्रेटरींनी फळ्यावर लावला. आमच्या दोघांच्या वयासकट. माझं वय मी इतकी वर्षं कोणाला कळू दिलं नव्हतं.

जायच्या दिवशी हे पहाटेच तयार होऊन बसले. इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले बूट. गाडी आली. सेक्रेटरींनी गाडी फवारली, बॅगा फवारल्या, ड्रायव्हर वेळेवर आत बसला म्हणून वाचला. समोरची बाई खिडकीतून ओरडली, "काकू, दोन दोन मास्क!" जवळजवळ सगळ्या खिडक्यांत कोणी ना कोणी होतं. वर्षभर त्यांच्यातलं कोणी हौसेने फाटकाबाहेर गेलं नव्हतं, आणि आता त्यांच्या वतीने आम्ही दोघं चाललो होतो. हे गाडीत बसले, काच खाली केली आणि सगळ्यांकडे बघून हात हलवला. मीसुद्धा हलवला. का नाही हलवायचा?

तेवढ्यात फोन वाजला. विश्रामगृहातली मुलगी होती. तिला रडू येत होतं, त्यामुळे नीट कळायला मला प्रत्येक वाक्य परत म्हणावं लागलं, आणि गाडीच्या काचा उघड्या होत्या. "विश्रामगृह ताब्यात घेतलं. आज सकाळी. रुग्णांना ठेवायला. सगळ्या खोल्या. आमचीही. बरोबर."

"आजी, सॉरी हो," ती म्हणाली. "तुमचं बुकिंग तसंच ठेवते. परत उघडलं की केव्हाही या."

केव्हाही. शब्द चांगला आहे, पण तो वापरायचं एक वय असतं. मी तिला म्हटलं की तू रडू नकोस, ज्यांना खोल्या दिल्यात त्यांना जास्त गरज आहे. हे मी मनापासून म्हटलं. मग फोन ठेवला आणि मला इतका राग आला की विचारू नका. कोणाचा, ते सांगता येईना. त्या आजाऱ्यांचा येऊन चालणार नव्हतं, साथीला कान नव्हते, म्हणून मी ड्रायव्हरवर ओरडले की बॅगा काढायला एवढा वेळ का लागतोय. बिचारा फवाऱ्याला भिऊन दार उघडत नव्हता.

खिडक्यांतली माणसं एकेक करून आत गेली. आम्ही जिना चढलो. हे प्रत्येक वळणावर थांबत, कठड्याला धरत आले. घरात शिरल्यावर बूट काढून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "प्रवासाने दमायला होतं गं आता."

मी हो म्हटलं आणि बॅगा रिकाम्या करायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ह्यांनी "आज काय विशेष?" असं विचारलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, कारण आता काय उत्तर द्यायचं ते मी ठरवलंच नव्हतं. सहलही विसरले, असं मी धरून चालले.

रविवारी मुलाचा फोन आला. त्या सगळ्या प्रकारापासून तो बापाशी फार हळुवार बोलायला लागला होता. "बाबा, वाईट वाटलं ना? सहल राहिली."

"राहिली?" हे म्हणाले. "जाऊन आलो की आम्ही."

मी आतून बाहेर आले.

"उत्तम जागा. व्हरांड्यात बसलं की समोर पाणी. वेताच्या खुर्च्या आहेत, एकीचा हात हलतो, तेवढं त्यांना सांगितलं पाहिजे. गरम पाणी लगेच येत नाही, जरा वाहू द्यावं लागतं. धक्क्यावर एक बगळा येऊन उभा राहतो, आपण जवळ गेलो तरी हलत नाही. आणि सकाळी पाण्याला वास येतो, ओल्या दगडासारखा. तू जाऊन ये एकदा. पोराबाळांना घेऊन जा."

"हो बाबा, जातो," असं म्हणून मुलाने फोन ठेवला. वासाचं ह्यांना कोणी सांगितलं होतं? त्या मुलीने तर नाही. ते सगळे फोन मी लावले होते, मला माहीत आहे.

खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. ह्यांच्या लक्षात राहावी म्हणून एक सहल हवी होती, ती ह्यांच्या लक्षात राहिली होती, खुर्चीच्या हातासकट. एवढी यादगार सहल गेलेल्यांचीही होत नाही. पण मला आनंद झाला नाही. मला चक्क हेवा वाटला. सगळी खटपट मी केली, बासरी मी ऐकली, आत्यांना मी दुसऱ्यांदा मारलं, आणि तळ्यावर जाऊन आले ते हे.

मी ह्यांच्या समोर बसले. "अहो, आणि मी? मी कुठे होते तेव्हा?"

ह्यांनी आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे.

"तू फोनवर होतीस," हे म्हणाले.

ते खरंच होतं. ह्यांना माझा चेहरा बघून काय वाटलं कोण जाणे. पुढे वाकून ह्यांनी माझा हात हातात घेतला आणि समजूत घालावी तसं म्हणाले, "पुढच्या वेळी तू पण चल."

"येते," मी म्हटलं.